राखणीच्या गोळ्या

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



मी डॉक्टर नाही. मराठी घेऊन बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. हृदयाच्या औषधांवर बोलायला मला बोलावलं तेव्हा घरातली मंडळी हसली. पण गेली चार वर्षं मी माझ्या थोरल्या भावाला, आमच्या भाईजानना, दर महिन्याला हृदयरोगाच्या ओ.पी.डी.त घेऊन जातो. केसपेपर काढून नंबर लागेपर्यंत दोन-तीन तास बाकावर बसावं लागतं. बाकावरची माणसं बोलतात, आणि माणसं कोणत्या शब्दांत बोलतात हे ऐकणं हाच तर माझा धंदा. डॉक्टरांची भाषणं आपण पुष्कळ ऐकतो. आज बाकावरचं ऐका.

सुरुवात आजाराच्या नावापासूनच करायला हवी. कागदावर इंग्रजीत लिहिलेलं असतं 'हार्ट फेल्युअर'. आता मराठीत 'हार्ट फेल झालं' याचा अर्थ काय होतो, हे मी सांगायला नको. ते वाक्य कानावर आलं की माणसं चपला घालून निघतात, कुणी मातीला, कुणी जनाज्याला. आणि इथं तर पेशंट समोर बसून चहा पितोय! खरा अर्थ एवढाच की हृदय बंद पडलेलं नाही, दुबळं झालंय. डाव्या कप्प्यात जमलेल्या रक्तापैकी साधारण ५५ ते ७० टक्के रक्त धडधाकट हृदय एका ठोक्याला बाहेर फेकतं. दुबळ्या हृदयाचं हे प्रमाण ४० टक्के किंवा त्याहून खाली येतं. भाईजानचं २५ होतं. मग पाणी मागं साठतं, पाय सुजतात, फुप्फुसात पाणी होतं, आडवं झालं की दम लागतो. (हृदय ताठर होण्याचाही एक प्रकार असतो, पण त्याची गोष्ट वेगळी आहे, आज त्यात शिरत नाही.)

नाव असं भयंकर असल्यामुळं घरची माणसं ते पेशंटपासून लपवतात. "त्यांना सांगू नका डॉक्टर, धसका घेतील." परिणाम असा की तो माणूस दिवसाला सात-आठ गोळ्या घेतो आणि कशासाठी ते त्याला ठाऊक नसतं. माणूस मात्र उत्तराशिवाय राहू शकत नाही. कुणी सांगितलं नाही तर तो आपलं आपण उत्तर तयार करतो.

बाकावर कार्व्हेडिलॉल किंवा स्पायरोनोलॅक्टोन ही नावं कुणाला येत नाहीत. तिथली नावं वेगळी : पाण्याची गोळी, बी.पी.ची गोळी, रक्त पातळ करायची, शुगरची आणि ताकदीची. ज्या गोळीचं काम कळत नाही ती सगळी ताकदीची. यात सगळ्यांत लाडकी पाण्याची गोळी. तिच्यातल्या सगळ्यांत प्रसिद्ध गोळीचं 'लासिक्स' हे नाव, 'सहा तास टिकते' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून बेतलं असं म्हणतात. सकाळी आठला घ्या, नऊपर्यंत दोन-तीन खेपा होतात. चार दिवसांत घोट्यावरची सूज ओसरते, चप्पल पायात नीट बसते, रात्री एका उशीवर झोप लागते. घेतली आणि दिसलं.

मराठीत आपण औषधाबद्दल कसं बोलतो पाहा. औषधाला गुण आला. औषध लागू पडलं. तापाला उतार पडला. डॉक्टरच्या हाताला गुण आहे. आमच्या घरात दखनी बोलतात, तिथंही 'दवा लगी', 'आराम पड्या' हेच. म्हणजे आपल्या सगळ्या बोलींत औषधानं काहीतरी करून दाखवायचं असतं. जे औषध रोज घेतलं तरी काहीच झाल्यासारखं वाटत नाही, आणि ज्याचं यश हेच की काही झालं नाही, त्याच्यासाठी आपल्याकडं क्रियापदच नाही. मला वाटतं, हृदयाच्या गोळ्यांचं अर्धं दुखणं इथं आहे. कारण पाण्याची गोळी दम घालवते, चैन देते, तिच्याशिवाय चालत नाही. पण दुबळ्या हृदयाच्या माणसाचं आयुष्य वाढवतात असं मोठमोठ्या चाचण्यांत दिसलंय ते दुसऱ्याच चार प्रकारच्या गोळ्यांनी. त्यांचा गुण डोळ्यांना दिसत नाही. उलट सुरुवातीला त्रासच दिसतो. एकीनं थकवा येतो, दुसरीनं कोरडा खोकला लागतो, तिसरीनं उठताना चक्कर येते.

भाईजान एस.टी.त ड्रायव्हर होते. बत्तीस वर्षं घाटातनं गाडी काढली. पहिल्यांदा दवाखान्यातून घरी आले तेव्हा दोन महिने सगळ्या गोळ्या वेळच्या वेळी घेतल्या. सूज उतरली, मशिदीपर्यंत चालत जाऊ लागले. मग एक दिवस त्यांनी पाण्याची गोळी तेवढी ठेवली आणि बाकीच्या डब्यात टाकून डबा कपाटावर ठेवला. मी विचारलं तर म्हणाले, "बंद पडी सो गाडी पॅसेंजरां ढकेले, चालू हुई. अब क्या अगले गाँव तक ढकेलतेच जाना?"

मला हसू आलं. त्या वाक्यात चूक काढणं सोपं नव्हतं. शिवाय पेन्शन तुटपुंजी, गोळ्यांचं बिल महिन्याचं. बंद पडलेल्या गाडीचा अनुभव त्यांना माझ्यापेक्षा जास्त.

अडीच महिन्यांनी मध्यरात्री ते उठून बसले. श्वास लागेना, तोंडाला फेस. १०८ नंबरची गाडी आली. आठ दिवस दवाखान्यात, त्यातले तीन अतिदक्षता विभागात. तिथले एक डॉक्टर त्यांच्यावर सगळ्यांसमोर ओरडले, "गोळ्या बंद करायला तुम्हाला कुणी सांगितलं?" भाईजान मान खाली घालून बसले होते. गोळ्या बंद करताना त्यांनी काय विचार केला होता, हे आठ दिवसांत कुणीही विचारलं नाही. केसपेपरवर लिहिलं गेलं : औषधं अनियमित. म्हणजे जणू ते विसरले. विसरले नव्हते हो, त्यांनी ठरवलं होतं.

रॉब हॉर्न नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली या ठरवण्यावरच एक प्रश्नावली बेतली. तिचं सार आपल्या तराजूसारखं आहे. एका पारड्यात : या औषधाची मला किती गरज वाटते? दुसऱ्यात : या औषधाची मला किती धास्ती वाटते? ज्याचं धास्तीचं पारडं जड, तो गोळ्या सोडण्याची शक्यता जास्त, हे नंतर वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या आजारांत दिसत आलंय. बाकावरचं धास्तीचं पारडं मला पाठ आहे. एवढ्या गोळ्यांनी किडनी जाते. गोळ्या गरम पडतात. एकदा सवय लागली की सुटत नाही. आता किडनीची धास्ती पूर्ण खोटीही नाही. यातल्या काही गोळ्या चालू असताना अधूनमधून रक्त तपासावं लागतं ते त्यासाठीच. पण ही तपासणी कशासाठी हे न सांगता रक्त काढलं की बाकावर त्याचा उलटा अर्थ निघतो : बघा, त्यांनाही शंका आहे. गरम पडतात म्हणून लोक त्यावर मीठ घातलेलं ताक पितात, आणि मीठ तर दुबळ्या हृदयाचं वैरी. गंमत अशी की गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी या हिशेबात कुणी धरतच नाही. ती औषधांत मोडत नाही! प्रत्यक्षात त्या जातीच्या बऱ्याच गोळ्या अंगात पाणी धरून ठेवतात आणि महिन्याभराची मेहनत चार दिवसांत घालवतात.

भाईजानचा जो प्रश्न होता, गाडी चालू झाल्यावर ढकलायची कशाला, तो लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयातल्या डॉक्टरांनाही पडला होता. हृदय पसरून दुबळं झालेलं, पण औषधांनी पूर्ववत झालेलं, कसलाही त्रास उरला नाही, असे ५१ रुग्ण त्यांनी घेतले. २५ जणांची औषधं देखरेखीखाली हळूहळू बंद केली, २६ जणांची चालू ठेवली. सहा महिन्यांत बंद केलेल्या २५ पैकी ११ जणांचं हृदय पुन्हा बिघडू लागलं. चालू असलेल्यांत एकाचंही नाही. २०१८ च्या अखेरीस 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. मी भाईजानना वाचून दाखवलं. त्यांनी लगेच हिशेब केला, "पच्चीस में ग्यारा. मतलब चौदा की गाडी चली."

हे बरोबरच आहे. पण ते चौदा कोण आणि अकरा कोण, हे आधी ओळखायची खात्रीची खूण त्या डॉक्टरांनाही सापडली नाही. आणि त्या सगळ्यांचं हृदय आधी पूर्ववत झालेलं होतं. भाईजानचं झालेलं नव्हतं, फक्त सूज उतरली होती. हा फरक मी त्यांना एस.टी.च्या भाषेत सांगितला : गाडी चालू झालेली नाही, उतारावर आहे म्हणून पळतेय. यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "डब्बा निकाल."

पेशंट अडाणी असतात असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगतो. बाकावर ज्या गोळीला बी.पी.ची म्हणतात, ती बहुधा बीटा-ब्लॉकर जातीची असते. हृदयाचा वेग कमी करते. ती सुरू केल्यावर काही आठवडे थकवा वाटतो, म्हणून डॉक्टर अगदी थोड्या मात्रेनं सुरू करतात. पेशंट म्हणतो, "आधीच हृदय दुबळं, त्यात ही गोळी त्याला आणखी मारते." हेच, अगदी हेच, डॉक्टरांची पुस्तकं कित्येक वर्षं सांगत होती. दुबळ्या हृदयाला ही गोळी देऊ नये, असा दंडक होता. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या फिन वागस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली सात रुग्णांचा अनुभव छापला, की थोडी थोडी दिली तर हृदय सुधारतं. फारसं कुणाला पटलं नाही. १९९९ साली दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. ही गोळी घेणाऱ्यांतलं मृत्यूचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशानं कमी निघालं. शिकलेल्या जगाला पटायला चोवीस वर्षं लागली, आणि आपण पेशंटला दीड मिनिटात पटावं म्हणतो.

खोकला आणणाऱ्या गोळीची जन्मकथाही सांगण्यासारखी आहे. त्या घराण्यातली पहिली गोळी कॅप्टोप्रिल, तिची कल्पना ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषावरून सुचली. गोळीत विष नसतं, ती कारखान्यात घडवलेली असते. पण मी हे बाकावर सांगितलं तेव्हा एका आजोबांचा त्या गोळीवरचा विश्वास एकदम वाढला. "मग जालीमच असणार," म्हणाले. कवीचा वैद्यकाला एवढाच उपयोग.

शुगरच्या गोळीचा घोटाळा अलीकडचा. डापाग्लिफ्लोझिन ही मुळात मधुमेहाची गोळी. २०१९ मध्ये एका मोठ्या चाचणीत दिसलं की दुबळ्या हृदयालाही ती उपयोगी पडते, मधुमेह असो वा नसो. चाचणीतल्या निम्म्याहून जास्त लोकांना मधुमेह नव्हताच. २०२० मध्ये आपल्याकडं तिचं पेटंट संपलं, अनेक कंपन्यांनी काढली, स्वस्त झाली, सगळीकडं लिहिली जाऊ लागली. पण मेडिकलवाला पाकीट देताना म्हणतो, "ही शुगरची." झालं. एका गृहस्थांनी ती परत नेऊन दिली, चुकून दिलीत म्हणून. दुसऱ्या घरात सुनेनं सासऱ्याचा चहा बिनसाखरेचा केला आणि सासऱ्यांनी अबोला धरला. एका वाक्याचं काम होतं : तुम्हाला शुगर नाही, ही हृदयासाठीच आहे.

काही गोष्टी मात्र एका वाक्यानंही सुटत नाहीत, कारण त्या बोलल्याच जात नाहीत. बाकावर एक निवृत्त मास्तर भेटत. भर मे महिन्यात जाड, ढगळ शर्ट. ओळख वाढल्यावर एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, तुम्ही कवी, तुम्हाला सांगायला हरकत नाही. त्यांची छाती सुजली होती, बायकांसारखी, आणि हात लागला की दुखायची. हे आपल्यातच काहीतरी लाजिरवाणं झालंय असं त्यांना वाटत होतं. घरी सांगितलं नव्हतं, आणि डॉक्टर बाई असल्यामुळं तिथंही नाही. कुठल्या गोळीचा संशय येईना म्हणून ते एकेक गोळी आळीपाळीनं बंद करून पाहत होते. ते स्पायरोनोलॅक्टोनचं माहीत असलेलं लक्षण आहे. १९९९ च्या ज्या चाचणीनं या गोळीचं मोल सिद्ध केलं, तिच्यातच ती घेणाऱ्या दर दहा पुरुषांमागं एकाला हा त्रास झाल्याची नोंद आहे. असा त्रास क्वचितच करणारी दुसरी गोळीही मिळते. मी त्यांच्याबरोबर आत गेलो. बोलायला मलाही जड गेलं. डॉक्टर बाईंनी मान वर न करता गोळी बदलून दिली आणि म्हणाल्या, "हे मीच आधी सांगायला हवं होतं, सर." 'सर' या शब्दानं मास्तरांचा चेहरा निवळला.

उपासाचं वेगळंच. आमच्याकडं रमजान, शेजारी श्रावण आणि एकादशी. पोट रिकामं म्हणून त्या दिवशी गोळ्याही बंद, हा समज दोन्ही घरांत सारखा. आजाऱ्याला रोजे पुढं कधी पूर्ण करण्याची मुभा कुरआननंच दिलीय. पण बत्तीस वर्षं स्टेअरिंगवर बसून रोजे धरलेल्या माणसाला, आज मी धरलेला नाही, हे मोहल्ल्यात दिसू देणं गोळी सोडण्यापेक्षा अवघड. दिवसभर पाणी नाही आणि वर पाणी काढणारी गोळी, शिवाय ती शुगरची, हा मेळ धोक्याचा. म्हणून आम्ही रमजानच्या महिनाभर आधीच डॉक्टरांना विचारून येतो. त्यांनी भाईजानना रोजे नको म्हटलं. ते ऐकतात, पण इफ्तारच्या वेळी दस्तरखानावर सगळ्यांच्या आधी येऊन बसतात.

आता त्या बाईंचं सांगतो, ज्यांच्या शब्दाचं मी या भाषणाला नाव दिलं. ज्वारीच्या पट्ट्यातल्या, नवऱ्याला घेऊन यायच्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. गोळ्यांची पिशवी त्यांच्या कमरेला, आणि पिशवीत दोन पुरचुंड्या. मी विचारलं, दोन कशाला? म्हणाल्या, "ही गुणाची, ही राखणीची." पाण्याची गोळी गुणाची. बाकी सगळ्या राखणीच्या. ज्यांनी ज्वारी पाहिली आहे त्यांना हे उलगडून सांगायला नको. कणसात दाणा भरायला लागला की माळ्यावर गोफण घेऊन दिवसभर उभं राहावं लागतं. राखणदार पीक वाढवत नाही, पाणी देत नाही, खत घालत नाही. संध्याकाळी त्याला विचारलं आज काय केलंस, तर दाखवायला हातात काही नसतं. बाई म्हणाल्या, "मालकाला म्हनलं, पाखरू दिसंना म्हनून माळ्यावरनं उतरू नगा."

त्यांना हे कुणा डॉक्टरनं शिकवलं नव्हतं. मी तो शब्द उचलला आणि ज्या दोन डॉक्टरांशी माझी ओळख झालीय त्यांना दिला. एकानं टेबलावरच्या पॅडवर लिहून घेतला.

त्रिवेंद्रमच्या १८ रुग्णालयांनी २०१३ साली दाखल झालेल्या अशा १,२०५ रुग्णांची नोंद ठेवली होती. त्यांचं सरासरी वय ६१ निघालं. पश्चिमेकडं हा आजार बहुधा सत्तरीपुढचा. आपल्याकडं तो नोकरी नुकतीच संपलेल्या, नातवाला शाळेत सोडणाऱ्या माणसांचा आहे. पुढं पुष्कळ वर्षं काढायची असतात. गोळ्यांच्या कंपन्या बदलतात, पांढऱ्या गोळीची गुलाबी होते, गोलाची लांबट होते, आणि पेशंट एकतर दोन्ही घेतो किंवा एकही घेत नाही. अमेरिकेत हृदयविकाराच्या झटक्यानंतरच्या रुग्णांवरचा एक अभ्यास २०१४ मध्ये आला, त्यातही रंग-आकार बदलला की गोळी सुटण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. तिकडचा पेशंट आणि आपला, फरक नाही.

शब्द लिहून घेणारे ते डॉक्टर आता पेशंटला पिशवी टेबलावर रिकामी करायला लावतात. गोळ्या घेता का, असं विचारत नाहीत. कारण त्याला सगळे हो म्हणतात. ते विचारतात, "यातली कुठली गोळी तुम्हाला आवडत नाही?" मागच्या महिन्यात आमच्या आधी एक आजीबाई होत्या. त्यांनी बिनदिक्कत पाण्याच्या गोळीवर बोट ठेवलं. डॉक्टर चकित झाले, ही तर सगळ्यांची लाडकी.

"आठवड्याच्या बाजाराला यष्टीनं जाते, भाजी इकायला," आजी म्हणाल्या. "दीड तासाची वाट. बाईमानसानं कुठं उतरायचं?"

"बाजाराहून परत किती वाजता येता?"

"च्यार वाजता."

"मग त्या दिवशी चार वाजता घ्या."

"चालंल?"

"चालेल."

आजींनी ती पट्टी उचलली आणि पिशवीत सगळ्यांत वर ठेवली.